पिवळा अलर्ट आणि तासगावचा बेदाणा

मार्च संपत आला की आमच्या सांगलीच्या कट्ट्यावर राजकारण मागे पडतं आणि आभाळ पुढे येतं. परवा वकिलांनी मोबाइलवरचा हवामान खात्याचा नकाशा सगळ्यांपुढे धरला. गुरुवार ते शनिवार जिल्हा पिवळा. तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस, ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगानं वारं.

"मागच्या आठवड्यातही पिवळाच होता," नाना उसळले. "अंगणात टिपूस नाही. पडला तर 'सांगितलं होतं', नाही पडला तर 'तुरळक होतं'. बरं आहे यांचं!"

मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवलाय, ते कसले गप्प बसतात. "नाना, तुरळकलाही माप असतं. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला की तुरळक. २६ ते ५० म्हणजे काही ठिकाणी, ७५ पर्यंत बऱ्याच ठिकाणी. आणि केंद्रावर अडीच मिलिमीटर भरला तरच धरायचा. तुमचं अंगण म्हणजे वेधशाळा नव्हे."

"नसू दे. मग मला या अंदाजाचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त होता. नाना तो ज्या सुरात विचारतात त्यामुळे सरळ उत्तर कुणी देत नाही, एवढंच.

"गाव सांगता येत नाही, त्याला कारण आहे," मास्तर म्हणाले. "पावसाळ्यात समुद्रावरून ढगांची फौजच येते. आत्ता तसं नाही. दुपारी जमीन तापते, बंगालच्या उपसागरावरून नाहीतर अरबी समुद्रावरून दमट वारं आत शिरलेलं असतं, वरची हवा गार. त्यात विदर्भापासून खाली कर्नाटकापर्यंत कमी दाबाचा पट्टा असला की त्याच्या आसपास ढग उभे राहतात. पट्टा चार दिवस आधी दिसतो. ढग मिरजेवर उभा राहील की कवठ्यावर, ते तो उभा राहायला लागल्यावरच कळतं. काही किलोमीटरचा ढग, तासाभरात खेळ खल्लास."

"म्हणून अख्खा जिल्हा रंगवायचा?" वकील म्हणाले. "शिराळा आणि जत एकाच रंगात? एकीकडे सह्याद्रीचा पायथा, दुसरीकडे पाण्याच्या टँकरची वाट बघणारी गावं. आणि विभाग धरला तर आपण मध्य महाराष्ट्रात, थेट नाशिक-जळगावच्या पंगतीला."

इथं मी वकिलांच्या बाजूनं. जिल्ह्याची हद्द महसूल खात्यानं आखली, ढगानं नाही. पण इशारा शेवटी जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जायचा असतो, तेव्हा जिल्ह्यावाचून सुटकाही नाही.

एवढा वेळ आमचा बागायतदार गप्प होता. तासगावला त्याचं बेदाण्याचं शेड आहे. त्यानं शर्टाच्या खिशातून चार मणी काढून वकिलांच्या तळहातावर ठेवले. तीन हिरवट-पिवळे, चकचकीत. चौथा तपकिरी, बुडाशी काळपट. "हा कडेच्या जाळीवरचा. मागं जरा शिंतोडे आले होते, त्याचा हा परिणाम. मास्तर, मला तुमचे २५ टक्के म्हणजे लई झाले."

"मग ताडपत्र्या सोड आणि नीज निवांत."

"सोडून बघा की! द्राक्षं डिपिंगच्या द्रावणात बुडवून माल जाळीवर पसरलाय, अजून आठवडा तरी वाळायला पायजे. पडदे सोडले की हवा तुंबते. हवा तुंबली की वाळणं रेंगाळतं, रंग उतरतो आणि व्यापारी पहिल्यांदा रंगच बघतो. म्हणजे पाऊस नाही आला तरी थोडं नुकसान माझंच. पण उघडं ठेवलं आणि आला, तर वर्ष गेलं. चारदा पडदे सोडले, तीनदा फुकट गेले, तरी चौथ्यांदा मी वाचलो. नाना, तुम्हाला काय, फार तर शर्ट भिजंल."

नाना काही बोलले नाहीत. ते गप्प का, ते वकिलांनी सांगितलं: शुक्रवारी नानांच्या पुतण्याचं रिसेप्शन, उघड्या लॉनवर.

माझ्या मते वादाची गाठ इथंच होती. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. रंग सगळ्यांना एकच. उघड्यावर कुणाचं काय पडलंय, ते वेधशाळेला कुठून कळणार? स्कूटरवाल्यानं ज्याकडे काणाडोळा करावा, त्यावर शेडवाल्यानं धावपळ करणं बरोबरच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी राज्यभरातली उभी पिकं झोडपली, तेव्हापासून इकडचा शेतकरी नुसत्या पिवळ्यालाही दचकतो. त्याला घाबरट म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

"चार दिवसांचा अंदाज तयारीपुरता धर," मास्तर बागायतदाराला म्हणाले. "खरा निर्णय त्याच दिवशी. पुढच्या तीन तासांचा इशारा येतो ना, तो बघ. तो रडारवर दिसणाऱ्या ढगावरून काढलेला असतो."

"तीन तास कशाला, मला अर्धा तास बास," म्हणत त्यानं शेडवर फोन लावला. "आज पडदे वरच ऱ्हाऊ देत. उद्यापास्नं दुपारी दोन माणसं शेडवरनं हलवायची न्हाईत. मी सांगितलं की लगेच खाली."

फोन ठेवेपर्यंत नाना थांबले. मग हळूच विचारलं, "का रे, पत्र्याचा मांडव किती आधी सांगावा लागतो?"

"लग्नसराईत? मागच्या महिन्यात," बागायतदार म्हणाला.