भाषा बदलण्याआधी क्वेऱ्या मोजा

‘साइट हळू चालते तर पीएचपी सोडा’, म्हणजे साइट ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिली ती भाषाच बदला, हा लेखातला सल्ला काही पटला नाही, भाऊ. २०१५ च्या पीएचपी ७ नंतर ‘पीएचपी हळू’ हे रडगाणं जुनं झालं. दारव्ह्याकडच्या एका जिनिंगचं काटापावतीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. ऐन कापसाच्या हंगामात दिवसाची यादी उघडायची म्हणजे चहा पिऊन यावं! काहून? तर प्रत्येक पावतीमागे शेतकऱ्याचं नाव आणायला वेगळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला वेगळी विचारणा. दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडणारा एक जॉइन लावला, तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाकला, यादी झटक्यात आली. सर्व्हर तोच. क्वेरी कशी चालेल ते सांगणारी डेटाबेसची एक्सप्लेन कमांड चालवली की पूर्ण टेबल चाळलं जातंय का ते दिसतंच. ओपकॅश, म्हणजे तयार झालेला कोड मेमरीत ठेवून पुन्हा वापरणारी सोय, पीएचपी ५.५ पासून सोबतच येतो, फक्त चालू आहे का ते बघा. अन् इकडं नेटही रेंगाळतं, म्हणून सर्व्हरवर लागलेला वेळ वेगळा मोजा.