सबवूफर कुठेही ठेवला तरी चालतो?
सबवूफर म्हणजे बेस, म्हणजेच खोल, जाड आवाज काढणारा स्पीकर. "बेसला दिशा नसते, सबवूफर कुठेही ढकला" असा मेसेज फिरतोय, तो अर्धाच खरा आहे. साधारण ८० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या) खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला कळत नाही हे बरोबर, पण तो किती ऐकू येणार हे जागेवरच ठरतं, म्हणजे १२ फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज भिंतींशी घुमतो आणि मधोमध जवळजवळ गायब होतो, आणि सोफा बऱ्याचदा तिथेच असतो! कोपऱ्यात बेस वाढतो खरा पण तबला ढोलासारखा वाजतो, मला तरी ते सहन होत नाही. त्यापेक्षा सबवूफर थोडा वेळ सोफ्यावर ठेवा, गाणं लावा आणि भिंतीकडेने खाली वाकून ऐकत फिरा, जिथे बेस स्वच्छ लागेल तिथे तो हलवा.