त्या स्क्रूला हात लावू नका रे!

मिरग तोंडावर आला की आमच्या कोकणात सगळ्यांना एकदमच सरपण आठवतं, आणि सरपण आठवलं की माझी लाकूड कापायची चेनवाली कटर मशीन. "दोन फांद्या पाडायच्यात, संध्याकाळी आणून देतो." आणून देतात ना! चार दिवसांनी, चेनीचे दात बोथट, चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या, म्हणजे बारच्या, खाचेत माती. वर उपकार केल्यासारखं, "भाऊ, मशीन रेस घेत नव्हती, जरा स्क्रू फिरवून दिलाय."

कोणी सांगितलं होतं?

अरे, मशीन चालू होत नाही कारण तुम्ही गेल्या वर्षीचं पडून राहिलेलं पेट्रोल ओतलंत! हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपली हवा कशी आहे ते सांगायला नको. कार्बोरेटरमधला पातळ पडदा, डायाफ्राम, कडक होतो, पाइप चिरतात. त्यावर उपाय काय, तर स्क्रू पिळायचा!

नाहीतर चोक. पूर्ण चोक लावून दोरी मारायची, एकदा 'फट' झालं की चोक अर्ध्यावर आणायचा, मग मशीन धरते. पण आमचे पैलवान 'फट' ऐकूनही चोक तसाच ठेवून घाम फुटेस्तोवर दोरी ओढणार. प्लग पेट्रोलने चिंब. तो काढून पुसायचा, चोक बंद करून चार वेळा दोरी मारायची, झालं. पण प्लगपाना शोधायचा कंटाळा, आणि स्क्रूड्रायव्हर मात्र प्रत्येकाच्या खिशात.

त्यात भर मोबाइलवरच्या जाहिरातींची. "तुझी स्टील कंपनीची एमएस १८० फक्त ३२ सीसीची? माझी ५८ सीसी, २२ इंची!" असेल बाबा. हाताएवढ्या आकेशियाच्या फांद्यांना २२ इंची बार हवाय कशाला? आणि पेट्रोलमध्ये ऑइल किती घालतोस विचारलं की, "अंदाजाने." अंदाजाने! माझ्या मशीनला चांगलं टू-टी ऑइल लिटरला २० मिली लागतं, त्या स्वस्तातल्या मशिनींच्या पुस्तकात बहुतेक ४० लिहिलेलं असतं. पुस्तक उघडतंय कोण!

पण खरा संताप येतो तो एच स्क्रूवरून, म्हणजे फुल रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणाऱ्या कार्बोरेटरच्या स्क्रूवरून. चेन जमिनीला लावून बोथट केली तुम्हीच. कटरमधून जाड ढलप्यांऐवजी पिठासारखा भुस्सा पडायला लागला की समजावं, कानस मारायची वेळ झाली. माझ्या चेनीला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, दहा मिनिटांचं काम. ते सोडून तुम्ही मशीन लाकडावर दाबता, ती दबते, मग "ताकद कमी पडतेय" म्हणून एच स्क्रू आत पिळता. आवाज काय सुरेख चढतो! कारण पेट्रोल कमी जातंय, आणि ऑइल त्या पेट्रोलातूनच जातं ना? लाकडाबाहेर फुल रेस दिली तर आवाज जरा जाडसर, अडखळता हवा आणि लाकडात शिरल्यावर साफ. शिट्टीसारखा आवाज म्हणजे पिस्टन सुकाच घासतोय.

एकदा पिस्टन जाम झाला की सिलिंडरसकट बदलायचा. तो खर्च काढा म्हटलं की लगेच, "अहो, मशीन जुनीच होती की तुमची!"