पायलट फक्त चहा प्यायला येत नाही

बडोद्यातल्या आमच्या मराठी गटांवर चार दिवस एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: जीपीएस आणि ऑटोपायलट असताना बंदरात पायलटचे, म्हणजे जहाजावर चढून त्याला आत-बाहेर नेणाऱ्या स्थानिक वाटाड्याचे, पैसे घेणं ही लूट आहे, कॅप्टनला सगळं येतं, पायलट चहा पिऊन उतरतो, त्याला आणणारी लाँच (छोटी बोट) म्हणजे पाण्यावरची रिक्षा, आणि एव्हर गिव्हन हे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा दोन पायलट होतेच की. मी बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली आहेत. हे वाचून गप्प बसवलं नाही.

जहाज कुठे आहे ते जीपीएस सांगतं, खालचं पाणी काय करतंय ते नाही. आपल्या खंभातच्या आखातात, भावनगरकडे, उधाणाच्या भरती-ओहोटीत 10 मीटरच्या घरात फरक पडतो, म्हणजे तीन मजले. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत शिरतं नि दोनदा बाहेर पडतं. त्याला जबर ओढ असते, तळाची रेती जागा बदलते. त्यात उथळ पाण्यात वेग वाढवला की जहाज आणखी खाली बसतं. ऑटोपायलट तर बंदराच्या तोंडाशी बंदच करतात आणि सुकाणूवर माणूस उभा करतात. पहिल्या शतकात भरूचला येणाऱ्या जहाजांना राजाच्या चाकरीतले कोळी पुढे जाऊन गाठायचे, भरती लागली की आत न्यायचे, ओहोटीत नांगरून ठेवायचे, असं ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. ते भरूच इथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर.

कॅप्टनला येतं, हे खरंच. पायलट चढला तरी जहाज कॅप्टनच्याच हुकमात असतं. पनामा कालवा हा अपवाद. पण कॅप्टन त्या बंदरात वर्षातून एकदा येतो, पायलट रोज. चहाचं म्हणाल तर कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, असताना तो मीच नेऊन द्यायचो. कितीदा तरी कप साय धरून तसाच परत आलाय.

लाँचबद्दल लिहिलंय ते मला सगळ्यात लागलं. थर्ड ऑफिसर असताना पायलटला घ्यायला शिडीपाशी मी उभा असायचो. दोरीची शिडी, लाकडी पायऱ्या, आणि जहाज चालतं. 9 मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर जहाजाचा तिरका जिना जोडावा लागतो. जहाज वाऱ्याला आडोसा करतं आणि सारंग, म्हणजे लाँच चालवणारा, ती त्या आडोशात जहाजाच्या अंगाला लावून धरतो. लाट लाँचला उचलते, लगेच खाली सोडते. लाँच सगळ्यात वर असतानाच पायलटने शिडीवर पाय टाकायचा आणि भराभर चढायचं. नाहीतर पुढच्या लाटेबरोबर वर येणारी लाँच पाय चिरडते. एका पावसाळी रात्री पायलटने पाय उचलला आणि मागच्या खलाशाने लाइफ जॅकेट धरून त्याला खेचलं. त्याच क्षणी लाँच धाडकन खाली गेली. दोघं काही बोलले नाहीत. पुढच्या लाटेला पायलट चढला. खलाशाचा चेहरा मला दिसलाच नाही, दिसली ती रेनकोटची टोपी. जुनी दोरी तुटून पायलट गेल्याच्या बातम्या आजही येतात.

राहिलं एव्हर गिव्हन. 23 मार्च 2021 ला जहाजावर दोन पायलट होते, आणि पायलटही चुकतात. पण त्याच वर्षी त्या कालव्यातून 20 हजारांहून जास्त जहाजं पार झाली, ती पायलट घेऊनच. मजकुरात अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदराचं नावही नाही. 26 मार्च 2024 च्या मध्यरात्रीनंतर ‘डाली’ जहाजाची वीज गेली आणि पूल समोर होता. हातात मोजकी मिनिटं. पायलटने नांगर टाकायला सांगितलं आणि पुलावरची वाहतूक थांबवा, असा निरोप किनाऱ्यावर पोचवला. पुलावर खड्डे बुजवत असलेले सहा कामगार गेले. पण पोलिसांनी दोन्ही टोकांना गाड्या अडवल्या होत्या, म्हणून पूल कोसळला तेव्हा त्यावर वाहतूक नव्हती.