आईचं नाव कुठल्या ओळीत घालायचं?

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी दोघी मायलेकी माझ्याकडे आल्या. मुलीचं लग्न ठरलेलं, कार्यालय मिळालेलं, पत्रिका तेवढी राहिलेली. मुलीनं मोबाईल माझ्यापुढे धरला. "मावशी, मॅटर तयारच आहे. तुम्ही फक्त कागद आणि डिझाईन छान करून द्या."

मी मॅटर वाचलं. वर 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न'. वडील चार वर्षांपूर्वी गेले, म्हणून त्यांच्या नावाआधी कै. निमंत्रक म्हणून थोरले मामा-मामी. खाली काका, आत्या, चुलत भावंडं. दोन वर्षांच्या भाचीच्या नावानं 'माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' अशी ओळसुद्धा होती. आईचं नाव मात्र मला सापडेना. पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचत आले. नव्हतंच.

"आईचं नाव कुठल्या ओळीत घालायचं?" मी विचारलं.

मुलगी आईकडे बघायला लागली. आई हसली आणि अगदी सहज म्हणाली, "माझं नको हो ताई. शुभकार्य आहे."

ते सहज म्हणणंच मला लागलं. (त्या दोघींना विचारून लिहिते आहे. नावगाव देत नाही.)

मी 22 वर्षं पत्रिका करते. लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या, डोहाळजेवणाच्या, वास्तुशांतीच्या, साठीशांतीच्या. माणसं माझ्याकडे येतात तेव्हा तासभर कागद चाचपतात, सोनेरी फॉइल की तांबूस यावर घरात वाद होतात, पाकिटाच्या आतल्या अस्तराचा रंग शालूशी जुळतो का ते पाहतात. मला हे सगळं मनापासून आवडतं. पण मजकुराची वेळ आली की दहातली नऊ घरं जुनी पत्रिका काढून देतात, "हेच ठेवा, नावं बदला." जो भाग आपण आपल्या माणसांशी बोलतो, तोच उसना.

असं का होतं, ते मला माहीत आहे. माझे बाबा मिरजेत एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे खिळे एकेक करून मजकूर जुळवणारे. शाळा सुटली की मी तिथंच जाऊन बसायची. देवनागरीची केस, म्हणजे खिळ्यांची पेटी, नुसती बाराखडीची नव्हे. जोडाक्षरांचे, अर्ध्या अक्षरांचे, काना-मात्रा-वेलांट्यांचे कप्पेच कप्पे. खिळ्यावरचं अक्षर उलटं, तरी बाबांचा हात न बघता बरोबर कप्प्यात जायचा. लगीनसराईत एका दिवसात सात-आठ पत्रिका जुळवायच्या असत. प्रत्येक वेळी सगळं नव्यानं जुळवायला वेळ कुठला? म्हणून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'करण्याचे योजिले आहे' पर्यंतचा मजकूर सुतळीनं बांधून तयारच ठेवलेला असायचा. नावं, मिती, मुहूर्त आणि स्थळ तेवढं बदललं की फर्मा ट्रेडल मशीनवर छपाईला चढायचा.

म्हणजे तो मजकूर टिकला तो पवित्र होता म्हणून नाही, बांधून ठेवलेला होता म्हणून. आणि तोही काही कायम तसाच नव्हता. आजोबांच्या पिढीच्या पत्रिका माझ्या ट्रंकेत आहेत. त्यांत 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' असं स्वच्छ छापलेलं आहे, कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुढे 'शुभविवाह' आला. कुणाच्या पत्रिकेवर बुद्ध आणि बाबासाहेब आले, खाली 'भवतु सब्ब मंगलं' आलं. कुणाच्या पत्रिकेवर जिजाऊ-शिवराय आले. घर बदललं की पत्रिकेचा माथा बदलला. आता खिळे गेले, सुतळी गेली, संगणकावर एक अक्षर बदलायला एक क्षण लागतो. मग मधला मजकूरच का बांधलेला राहावा?

त्या मजकुरात आई कुठे असते बघा. 'सौ. व श्री.' आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव. नऊ महिने पोटात वाढवून, पंचवीस-सत्तावीस वर्षं सांभाळून जिनं मुलगी मांडवात उभी केली, तिच्या वाट्याला एक अक्षर आणि एक टिंब. नवरा गेला की ते अक्षरही जातं. मग एक तर 'गं. भा.' किंवा 'श्रीमती' लावून कोपऱ्यात कुठं तरी, नाही तर मुळीच नाही. विधुर बापाचं नाव पत्रिकेतून गळलेलं मी 22 वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव लागेल. शासनाच्या कागदावर आई आली. आपल्या घरच्या कागदावर, जो आपण हौसेनं, पदरचे पैसे घालून छापतो, त्यावर ती अजून दाराबाहेर उभी आहे. आणि हा कागद नुसता हौसेचाही नाही. विवाह नोंदणीला गेलात की अर्जाला लग्नपत्रिका जोडायला सांगतात. उद्या ती सरकारी फायलीत जाऊन बसणार आहे.

म्हणून हल्ली मी कागदाचे नमुने आधी दाखवतच नाही. चहा ठेवते आणि विचारते, "कोण बोलावतंय? कुणाला? कशाला?" एवढ्या तीन प्रश्नांवर घरं तास तास बोलतात. परवा एका आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे 80 वर्षं 10 महिने. मुलगा म्हणाला, चंद्रकोरींची नक्षी करा. केली असती. पण आजोबा बोलता बोलता म्हणाले, की पहिली आठवणारी पौर्णिमा मळणीच्या खळ्यातली, बैल फिरत होते आणि ते आईच्या मांडीवर होते. मी म्हटलं, हेच लिहून द्या, तुमच्या हातानं. थरथरत्या अक्षरात सहा ओळी आल्या. त्याच आम्ही स्कॅन करून स्क्रीन प्रिंटिंगनं छापल्या, दुसरं काहीही नाही, एक रेघसुद्धा नाही. त्यांच्या शाळासोबत्यांपैकी जे चौघे उरलेत, त्यांच्या हातात ते पत्र पडलं तेव्हा अक्षर बघूनच त्यांनी फोन लावले.

कागदाबद्दलही थोडं बोलते, कारण माझा जीव त्यात आहे. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. कापडाच्या सुती चिंध्या कुटून, त्यांचा लगदा करून तिथे कागद होतो, झाड तोडावं लागत नाही. आपल्या जुन्नरचा हातकागद पेशव्यांच्या दफ्तरात वापरात होता. आज आपण 'इको फ्रेंडली' म्हणून नव्यानं शोधतो ते आपल्या परसातलं होतं. मात्र हातकागदावर बारीक अक्षर घेऊ नका. कागद शाई पितो, अनुस्वार आणि रफार बुजतात, आणि मग 'कांचन'ची 'काचन' होते. थोडं ठसठशीत अक्षर घ्या, ओळींमध्ये मोकळी जागा सोडा, मजकूर कमी करा.

आणि अक्षर मराठी वळणाचं घ्या, ही माझी हात जोडून विनंती आहे. 'लग्न'मधला ल आणि 'शुभ'मधला श हीच ती दोन अक्षरं, जी हिंदीत वेगळी आणि मराठीत वेगळी काढतात. नेमकी तीच पत्रिकेवर सर्वांत मोठी असतात आणि बहुतेक वेळा हिंदी वळणाची असतात. आता चांगले मराठी फाँट मोफत मिळतात. बऱ्याच नव्या फाँटमध्ये भाषा मराठी निवडली की ल आणि श आपसूक आपल्या वळणावर येतात. कुणी सांगत नाही म्हणून कुणी करत नाही.

वारली चित्रांचंही बोलायलाच हवं. तारपा नाच, बैलगाडी, डोक्यावर मडकं घेतलेली बाई, हे आता प्रत्येक तयार नमुन्यात असतं. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नचौक काढतात, त्यात पालघट देवी विराजमान असते, आणि लग्न लावते ती धवलेरी. बाई लावते लग्न, गाणी म्हणत. जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तर ही चित्रं घराघरांत पोचली. पण आपण त्यातला नाच घेतला, धवलेरी घेतली नाही. मडकं घेतलेल्या बाईची आकृती काठावर लावायची आणि आत आईचं नाव गाळायचं, हे मला बघवत नाही. वारली चित्र हवं असेल तर पालघरकडच्या एखाद्या कलाकाराला काम द्या, पैसे द्या, चौकाचा अर्थ समजून घ्या. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणाऱ्या कारागिरांबद्दलही हेच म्हणेन. त्यांनी हातानं रंगवलेलं एक गोल पान पत्रिकेसोबत गेलं तर घेणारा ते आयुष्यभर जपतो.

देवांची मोठमोठी चित्रं छापू नका, असं मी सांगते तेव्हा काही घरं नाराज होतात. पण लग्न झालं की पत्रिका रद्दीत जाते, आणि मग कुणी तरी आजी बिचारी कात्रीनं गणपती कापून डब्यात साठवत बसते, कारण तिला टाकवत नाही. वर नुसतं ॥ श्री ॥ पुरतं.

व्हॉट्सॅपवर पाठवू नका असं मी म्हणणार नाही. माझी भाची ऑस्ट्रेलियात आहे, तिला मीही तसंच पाठवते. तीनशे लोकांना मोबाईलवर पाठवा, खर्च वाचवा. पण पन्नास छापा. अगदी पंचवीस छापा. पहिली कसबा गणपतीपुढे किंवा तुमच्या ग्रामदैवतापुढे ठेवा, दुसरी कुलदेवतेला, आणि बाकीच्या घेऊन स्वतः जा. चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावा, पाकिटात चार अक्षता घाला. आमच्या मिरजेकडे याला आवतण म्हणतात. आवतण दारात उभं राहून देतात, घरातली म्हातारी माणसं पत्रिका हातात घेतात, चष्मा लावतात आणि पहिल्यांदा काय करतात माहीत आहे? नावं वाचतात. एकेका नावावर बोट ठेवून. "हा म्हणजे अमक्याचा ना? ही कुणाची?" ज्याचं नाव नाही, त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही.

तर त्या मायलेकी. त्या दिवशी मी आग्रह धरला नाही. एवढंच म्हटलं, "मॅटर मी असं छापून देईन, तुमचं कार्य आहे. पण आठवडाभर जवळ ठेवा आणि एकदा तुमच्या शब्दांत लिहून बघा." मामांचंही मन दुखवायचं नव्हतं, भाचीच्या कार्यात ते खांद्याला खांदा लावून उभे आहेत.

सहाव्या दिवशी मुलीचा फोन आला. मामांनीच मॅटर वाचून विचारलं होतं, "ताई, यात तू कुठं आहेस?" मग रात्री जेवणं झाल्यावर आईनं वहीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं. मुलीनं मला फोटो पाठवला. त्यात श्रीकृपेकरून नव्हतं, योजिले नव्हतं.

'माझ्या लेकीचं लग्न ठरलं आहे. तिचे बाबा असते तर तुम्हाला बोलवायला स्वतः आले असते. आता मी बोलावते आहे. माझा भाऊ आणि वहिनी माझ्यासोबत आहेत. सगळे या, जेवून जा.'

आणि खाली तिचं नाव. आधी काही नाही. सौ. नाही, गं. भा. नाही, श्रीमतीसुद्धा नाही. नाव, आडनाव.

मी पिवळसर हातकागद घेतला, काळ्याऐवजी गर्द तपकिरी शाई घेतली, नक्षी ठेवली नाही. काल दोघी प्रूफ बघायला आल्या. मुलीनं भराभर वाचलं आणि "मस्त!" म्हणाली. आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचत खाली गेली. शेवटच्या ओळीवर थांबली. बराच वेळ थांबली. मला वाटलं, आता म्हणते की नकोच.

"ताई, पेन द्या," ती म्हणाली. "माझ्या नावातली वेलांटी दुसरी आहे. इथं पहिली पडलीय."