‘ईआरपी बसवा, साइट आपोआप सुधारेल’: या दाव्याला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच पोस्ट मला निदान सहा ग्रुपवरून आली. बिल्डर, ठेकेदार, सिव्हिलचे जुने वर्गमित्र, सगळे ती पुढे पाठवतायत. तिचं म्हणणं थोडक्यात असं: बांधकामाचा धंदा मागे राहिला, कारण तो डिजिटल झाला नाही. एक चांगलं ईआरपी, म्हणजे खरेदी, स्टोअर, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्या आणि सगळ्या साइट एकदम त्यावर आणा. साइटला आपोआप शिस्त लागेल, मालाची चोरी पकडली जाईल, पुरवठादारांचं पेमेंट वेळेवर होईल. फोर्ड या मोटार कंपनीने कॉम्प्युटर आणून देयक खात्यातली, म्हणजे पुरवठादारांची बिलं चुकती करणारी, पाऊण माणसं कमी केली. सरकारने ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद, आणलं आणि रस्त्यावरचे कराचे नाके गेले. मग तुम्ही कशाची वाट बघताय?

मी अठरा वर्षं बिलिंग आणि स्टोअरच्या कामात आहे, पुण्यात आणि आसपास. ठेकेदाराकडे सॉफ्टवेअर येतं तेव्हा इंडेंटपासून (साइटने केलेल्या मालाच्या मागणीपासून) पेमेंटपर्यंतचा रस्ता नव्याने आखून देणं, हे आता माझं मुख्य काम. म्हणजे सॉफ्टवेअरला माझा विरोध नाही, माझं घर त्यावर चालतं. पण ही पोस्ट वाचून कुणी तसंच करायला गेला, तर त्याचा भुर्दंड साइटवरच्या सगळ्यात खालच्या माणसाला बसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘साइटला आपोआप शिस्त लागेल.’ हिंजवडीच्या बाजूची एक साइट. दिवसा जड वाहनांना बंदी, म्हणून सळईची गाडी रात्री अकराला आली. स्टोअरकीपरने वजनकाट्याची पावती घेतली, चलान घेतलं आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, टाकायला बसला. सॉफ्टवेअर घेईना. या पीओवरचं (खरेदी ऑर्डरवरचं) शिल्लक प्रमाण संपलंय, असा मेसेज. ड्रॉइंग बदलून स्टील वाढलं होतं, पण पीओची दुरुस्ती हेड ऑफिसात मंजुरीसाठी पडून होती. त्याने करायचं काय? गुरुवारी स्लॅब, सकाळी सातला सळई बांधणारे फिटर हजर होणार. गाडी परत पाठवली तर सगळ्यांच्या शिव्या, ठेवून घेतली तर सिस्टीममध्ये तिला जागा नाही. त्याने माल उतरवून घेतला आणि चलान ड्रॉवरमध्ये ठेवलं. पाच दिवसांनी पीओ दुरुस्त झाली तेव्हा कुठे जीआरएन झालं. मधले पाच दिवस सळई यार्डात होती आणि स्क्रीनवर शून्य होती. तो शून्य बघून प्लॅनिंगने दुसऱ्या साइटची गाडी इकडे वळवली, आणि तिथले फिटर दोन दिवस बसून राहिले.

यात बेशिस्त कुणाची? नियम जुनाच होता: आधी मंजुरी, मग माल. कागदाच्या काळात तो सगळेच थोडा वाकवत होते, म्हणून काम चालत होतं. सॉफ्टवेअरने नियम तोच ठेवला आणि वाकवायची सोय तेवढी काढून घेतली. मग माणसं सॉफ्टवेअरच्या बाहेर, ड्रॉवरमध्ये काम करायला लागली. आम्ही पुढे तिथे दोन गोष्टी बदलल्या. गेटातून आत आलेला माल त्याच रात्री नोंदवायचाच, मंजुरी असो वा नसो. मंजुरीचा प्रश्न वेगळ्या खिडकीत. आणि ठराविक टक्क्यांपर्यंत प्रमाण वाढवायचा अधिकार साइट इंजिनिअरला. सेटिंग बदलायला एक दुपार लागली, मालकांना पटवायला तीन महिने. खरं काम होतं ते या तीन महिन्यांचं, आणि त्याबद्दल पोस्टमध्ये एक शब्द नाही.

‘चोरी पकडली जाईल.’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्यात एका माणसाचं नाव खराब झालेलं मी पाहिलंय.

सळई आपण विकत घेतो वजनावर आणि वापर मोजतो लांबीवर. बार बेंडिंग शेड्यूलमधली (सळई कापण्या-वाकवण्याच्या यादीतली) लांबी किलोत आणायचं सूत्र प्रत्येक बिलिंगवाल्याला पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. १२ मिमीची सळई मीटरला ०.८८९ किलो, १६ ची १.५८. पण मिलमधून येणारी सळई नेमकी तेवढी भरत नाही, आणि आयएस १७८६ हे मानकच तशी सूट देतं: १० मिमीपर्यंत ७ टक्के कमी किंवा जास्त, त्यापुढे १६ पर्यंत ५ टक्के, त्याच्या वर ३ टक्के. १६ मिमीची वीस टनांची गाडी पाच टक्के जड आली, तर काट्यावर वीस टन आणि सूत्राने एकोणीसच्या जरासं वर. जवळजवळ एक टनाचा फरक, आणि एक किलोसुद्धा कुणी नेलेलं नाही.

जुने लोक गाडी आली की प्रत्येक व्यासाचा मीटरभर तुकडा कापून तोलतात आणि रोलिंग मार्जिनचा फरक (सूत्राने निघणारं आणि खरं भरलेलं वजन यांतला) वेगळा लिहून ठेवतात. मी सांगतेय त्या ठिकाणच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या फरकाला रकानाच नव्हता. आवक वजनाने, जावक सूत्राने, आणि उरलेलं सगळं ‘तूट’. तीन महिन्यांच्या रिकन्सिलिएशनमध्ये, म्हणजे आवक-जावकेच्या ताळमेळात, तूट लाल रंगात दिसायला लागली. अकरा वर्षं तिथे असलेल्या स्टोअरकीपरला घरी बसायला सांगितलं. चौकशीही झाली नाही, कारण ‘सिस्टीमच सांगतेय’. त्याने मात्र स्वतःच्या वहीत प्रत्येक गाडीतल्या सळयांचे नग लिहून ठेवले होते. ती वही घेऊन मी दोन दिवस नगांवरून लांबी, लांबीवरून वजन असा हिशेब मांडला. तूट जवळपास सगळी त्या जादा भरलेल्या वजनात होती. पंधरा दिवसांनी त्याला परत बोलावलं. तो आला नाही.

खरी चोरी होतच नाही असं मी म्हणत नाही. ती काट्यावर होते, रिकाम्या गाडीच्या वजनात होते, वाळू मोजायच्या ब्रास या मापात होते. काट्याचा आकडा हाताने न टाइप करता थेट सिस्टीममध्ये येऊ दे, तिथे मशीनचा मोठा उपयोग आहे. पण वजनाची लांबीशी तुलना करायला सांगितली, तर ते मशीन निर्दोष माणसाकडेही तितक्याच खात्रीने बोट दाखवेल.

आता फोर्ड. उदाहरण खरं आहे, पण पोस्टने ते उलटं वाचलंय. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देयक खात्यात पाचशेहून जास्त माणसं होती. कॉम्प्युटर आणून त्यातली वीस टक्के कमी करायची, चारशेवर यायचं, हा पहिला बेत. मग त्यांनी माझदा या जपानी मोटार कंपनीकडे पाहिलं, जिच्यात फोर्डचा हिस्सा होता. तिथे हेच काम पाच माणसं करत होती. कंपनी लहान हे धरलं तरी एवढी तफावत समजण्यासारखी नव्हती. शोध घेतल्यावर कळलं की सगळा वेळ न जुळणाऱ्या कागदांत जातोय. खरेदी ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल, या तिन्हींतल्या चौदा बाबी जुळल्या तरच पैसे निघत. फोर्डने मग बिलच काढून टाकलं. माल दारात आला आणि ऑर्डरशी जुळला, की पैसे निघाले. नाही जुळला तर माल परत. जुळवायच्या बाबी उरल्या तीन: पार्ट नंबर, मोजमापाचं एकक आणि पुरवठादाराचा कोड. पाऊण माणसं कमी झाली ती यामुळे.

कॉम्प्युटरशिवाय हे झालं असतं का? नसतं झालं. माल उतरवून घेणाऱ्याला ऑर्डर त्याच क्षणी समोर दिसणं, हाच त्याचा पाया होता. पण जुनाच रस्ता कॉम्प्युटरवर चढवला असता, तर वीस टक्केच मिळाले असते, आणि हा अंदाज फोर्डचा स्वतःचा. आपल्याला फोर्डची नक्कलही चालणार नाही, कारण आपलं ड्रॉइंग स्लॅबच्या आदल्या आठवड्यापर्यंत बदलत असतं आणि गाडी परत पाठवणं परवडत नाही. उचलण्यासारखी गोष्ट एकच: पैशाचा निर्णय माल डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाजवळ नेणं.

‘पेमेंट वेळेवर होईल’ याचं उत्तर इथेच आहे. खडी क्रशरवाल्याचं बिल साइट इंजिनिअर, बिलिंग, प्रोजेक्ट मॅनेजर, परचेस, अकाउंट्स, डायरेक्टर अशा सहा सह्यांतून जात असेल, तर ऑनलाइन केल्यावर ते सहा ओटीपींतून जातं. पूर्वी तो फोन करून विचारायचा, आता ‘पेंडिंग’ हा शब्द स्वतः वाचतो. आपला कायदा तर आधीच फोर्डच्या बाजूचा आहे. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या पैशाची मुदत माल प्रत्यक्ष पोचल्यापासून मोजतात, आणि लेखी करार असला तरी ती ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. मालाबद्दल तक्रार असेल तर ती पंधरा दिवसांत लेखी करावी लागते. प्राप्तिकर कायद्यानेही ही रक्कम मुदतीत दिली नाही, तर ती प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षाच्या खर्चात धरता येते. म्हणजे कायद्याचं घड्याळ गेटवर सुरू होतं आणि आपलं सॉफ्टवेअर बिलाच्या तारखेपासून दिवस मोजत बसतं. क्रशरवाल्यासाठी काही करायचं असेल, तर सहातल्या चार सह्या काढा आणि घड्याळ गेटवर आणा.

नाक्यांचा मुद्दा लगेच संपतो, कारण तारखाच बोलतात. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला, जीएसटी लागू झाला त्या दिवशी बंद झाली. मुलुंड, दहिसर, मानखुर्दला ट्रकच्या रांगा लागायच्या कारण जकात नावाचा कर होता. राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाकेही त्याच जीएसटीने निघाले. आंतरराज्य ई-वे बिल सक्तीचं झालं १ एप्रिल २०१८ ला, नऊ महिन्यांनी. आधी कर गेला, मग पोर्टल आलं.

‘सगळ्या साइट एकदम’ याबद्दल एवढंच सांगते. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत, ऐन हॅलोवीनच्या ऑर्डरींच्या तोंडावर, नवी यंत्रणा एकदम सुरू केली. गोदामात चॉकलेट होतं, मागणी होती, तरी सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचवता आल्या नाहीत. आपल्याकडे मार्चएंडला किंवा पावसाळ्याआधीच्या स्लॅबच्या घाईत नवं सॉफ्टवेअर सुरू करणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. एक साइट घ्या, एक माल घ्या, दोन महिने चालवा.

राहिला मूळ दावा: धंदा मागे का राहिला? मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या अहवालात हे आकडे आहेत: दोन दशकांत जगभरच्या बांधकामात श्रमांची उत्पादकता वर्षाला सरासरी १ टक्का वाढली, कारखानदारीत ३.६ टक्के. पण त्याच अहवालात सुधारणेच्या सात वाटा सांगितल्यात. तंत्रज्ञान ही त्यातली एक. बाकीच्या सहांत नियम, करार, डिझाइन, खरेदी, साइटवरची अंमलबजावणी आणि कामगारांचं कौशल्य येतं.

यातला करार सगळ्यात अवघड, आणि त्याचं मला भावलेलं उदाहरण लंडनच्या हीथ्रोचं टर्मिनल ५. सुमारे ४३० कोटी पौंडांचं काम, चालू विमानतळाच्या दोन धावपट्ट्यांच्या मधोमध, माल आत न्यायला जागा नाही. विमानतळ कंपनीने करारच वेगळा केला: जोखीम स्वतःकडे ठेवली आणि ठेकेदारांना झालेला खर्च अधिक ठरलेला नफा दिला. त्यामुळे कुणाला अडचण लपवून नंतर जादा पैशांचा क्लेम लावायचं कारण उरलं नाही. सळईचे सांगाडे विमानतळाजवळच्या कोलनब्रुकच्या केंद्रात बांधून, साइटने मागितले तेव्हाच आत येत. या मागणीचा मेळ सॉफ्टवेअरवर घातला जाई, आणि तो टिकला, कारण साइटने खरी तारीख सांगण्यात कुणाचं नुकसान नव्हतं. आपल्याकडे उशीर कबूल केला की दंडाची नोटीस येते. मग मुकादमापासून मॅनेजरपर्यंत सगळे स्क्रीनवर ‘९० टक्के पूर्ण’ भरत राहतात.

टर्मिनल वेळेत आणि बजेटमध्ये उभं राहिलं. २७ मार्च २००८ ला सुरू झालं त्याच दिवशी बॅगांची व्यवस्था कोलमडली. कर्मचाऱ्यांना पार्किंग सापडेना, काहींना सिस्टीममध्ये लॉग-इन करता येईना, हजारो बॅगा मागे राहिल्या आणि पुढच्या काही दिवसांत शेकडो उड्डाणं रद्द झाली. इमारत बांधताना माणसांची जेवढी काळजी घेतली, तेवढी ती चालवायच्या तयारीत घेतली गेली नाही.

आता मी नवी साइट घेते तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांकडे पहिली मागणी असते सळईच्या पानावर दोन रकान्यांची: काट्याचं वजन आणि तोललेल्या तुकड्यावरून निघालेला फरक. गेल्या महिन्यात एका साइटवरच्या नव्या स्टोअरकीपरचा रात्री साडेअकराला फोन आला. “मॅडम, सोळाची सळई चार टक्के जड लागतेय. फरकात लिहू का? नंतर माझ्या नावावर नको यायला.” मी म्हटलं, लिहा, आणि तुकडा काट्यावर ठेवून फोटो जोडा. सकाळी परचेसने तो फोटो डीलरला पाठवून विचारणा केली. स्टोअरकीपरला कुणी काही विचारलं नाही.