बैलाची गोष्ट अर्धी राहिली

परळला टाटा हॉस्पिटलबाहेर, जेरबाई वाडिया रोडच्या फुटपाथवर, आमच्या चर्चच्या मंडळीतले सहा-सात जण दर शनिवारी संध्याकाळी जेवणाची पाकिटं घेऊन जातो. उपचारांसाठी गावाहून आलेली माणसं तिथे फायली उशाशी घेऊन झोपतात.

गेल्या शनिवारी बुलढाण्याचे एक काका भेटले. बायकोवर उपचार चालू आहेत. पुढची तारीख वाचून दाखवा म्हणाले, पण फाईल काही हातात देईनात. आधी सोयाबीन, मग विकलेला बैल, मग एसटीचा प्रवास. माझ्याकडे अजून वीस पाकिटं वाटायची होती, भात गार होत होता. मी फाईल जवळजवळ ओढूनच घेतली, तारीख सांगितली आणि उठले. "जा बाई, तुमाले उशीर होत असन," काका म्हणाले. अगदी समजुतीने. तेच आठवडाभर टोचतंय.

घरी येऊन बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढला. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय हाका मारतोय, आणि त्याला गप्प राहा म्हणून दटावणारे लोक येशूच्याच वाटेवरचे आहेत. लहानपणापासून हा भाग वाचतेय, त्या गर्दीत मीही आहे हे आत्ता दिसलं. येशू यरुशलेमेला निघालाय, पुढे वधस्तंभ आहे, तरी तो थांबतो. आणि आंधळ्याला विचारतो, तुझ्यासाठी मी काय करावं? उत्तर समोर दिसत असताना! त्याला स्वतःच्या तोंडाने सांगू देतो.

'प्रीती सहनशील आहे' या बायबलमधल्या वचनाचा अर्थ म्हणजे राग गिळणं, असं मी धरून चालले होते. काकांचा मला राग आलाच नव्हता. घाई होती, आणि ती सेवेचीच होती, म्हणून तिच्याकडे कधी बोट दाखवावंसं वाटलं नाही.

मंडळीत दर वेळी विचारतात, किती पाकिटं वाटली? भुकेल्याला आधी अन्न हवं, हे मान्यच. पण सातांपैकी दोघांनी पाकिटं न घेता नुसतं बसावं, असं मी येत्या सभेत मांडणार आहे. आणि ऑफिसमधून थेट येणाऱ्यांनी आधी दोन घास खाऊन घ्यावेत. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना तेव्हा येशूनेच त्यांना विसावा घ्या म्हटलं होतं. रिकाम्या पोटी माझा तरी आवाज चढतो.

उद्या शनिवार. मी बसणाऱ्यांत आहे. काका असतील तर बैल कुणाला विकला ते ऐकायचं राहिलंय.